अनोळखी बाई

माझा भाऊ डोंगरांचे फोटो काढतो. डोंगर बिचारे जागचे हलू शकत नाहीत, म्हणून त्यांना ते सोसावं लागतं. तळ्यांचे काढतो, वाळवंटांचेही काढतो. माणसांचे काढत नाही. माणूस चौकटीत आला की म्हणे चित्रात गोंगाट होतो. हे वाक्य तो एकदा मुलाखतीत बोलला, लोकांनी माना डोलावल्या, आणि तेव्हापासून तो ते लग्नघरातही म्हणतो आणि दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही म्हणतो.

वडिलांचा फोटो स्टुडिओ मी चालवते. पांढरा पडदा, फिरतं स्टूल, आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट, जो निम्म्या शहराच्या अंगावर चढून उतरलाय. ओळखपत्रांचे, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो मी काढते. दादा याला मुंडक्यांचं दुकान म्हणतो. याच मुंडक्यांवर तो लहानाचा मोठा झाला, पहिला कॅमेराही याच गल्ल्यातून उचलला. पण ते असो. मोठ्या माणसांना पाळणा आठवत नाही.

दादाने दाढी वाढवली आणि त्याला विद्यार्थी मिळू लागले. 'पाहण्याची शाळा' असं नाव ठेवून तो वर्षातून काही वेळा लोकांना डोंगरावर नाहीतर तळ्याकाठी घेऊन जातो. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, दगडावर बसून नुसतं पाहायचं. चांगली शिकलेली, घरी बायकोला मिठाचा डबा कुठे आहे विचारणारी माणसं तिथे दिवसभर दगडावर बसतात आणि संध्याकाळी म्हणतात, आज काहीतरी दिसलं. त्यांतला एक निवृत्त इंजिनिअर तर दादाला कायमचाच चिकटलाय. दादा खोकला तरी तो मान हलवतो. आम्ही घरात त्याला सावली म्हणतो.

आणि वहिनी. वहिनी इस्पितळात एक्स-रे काढते. घर तिच्या पगारावर चालायचं आणि तिची सुट्टी दादाच्या दौऱ्यांवर जायची. कॅमेऱ्याची कुठली काच कुठल्या खिशात आहे हे दादाच्या आधी तिला ठाऊक असायचं. ट्रायपॉड तिच्याच खांद्यावर असायचा, कारण दादाचा खांदा दुखायचा. तो का दुखायचा, हे कुठल्याच एक्स-रेत आलं नाही.

त्या वर्षी शाळा वाळवंटात भरणार होती. वहिनी मला म्हणाली, "तू चल गं. निदान बोलायला कुणी असेल. तिकडे सगळे गप्प बसायला शिकायला येतात."

म्हणून मी गेले. दोन जीपगाड्या होत्या, वाळूच्या टेकड्यांपासून थोड्या अंतरावर एक विश्रामगृह होतं आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर एकसारख्या टोप्या होत्या. दादाने एक उंच टेकडी निवडली. तिचा कडा सुरीच्या धारेसारखा आकाशात गेला होता. दादाने कॅमेऱ्यातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मेलेलं आहे," तो म्हणाला. "किती उंच आहे ते कळतच नाही. प्रमाण हवं."

"म्हणजे माणूस?" मी विचारलं.

"माणूस नाही. प्रमाण."

प्रमाण तेव्हा थर्मासमधून चहा ओतत होतं. दादाने तिच्या अंगावरची लाल शाल पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. लग्नातही त्याने तिच्याकडे इतकं निरखून पाहिलं नसेल.

"अगं, वर जा जरा. मागच्या बाजूने वळसा घेऊन चढ, मग कड्यावरून सरळ चाल. पाय वेडेवाकडे टाकू नकोस, पावलांची ओळ एकच दिसली पाहिजे."

वहिनी गेली. वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतत होते. एक पाऊल वर, अर्धं पाऊल खाली. दादा फोनवरून सूचना देत होता. "आणखी पुढे. थांब. शाल मोकळी सोड. इकडे बघू नकोस! तू माझ्याकडे बघितलंस की मग ती तू होतेस."

सावली म्हणाला, "वा!"

थोड्या वेळाने वारा सुटला. कड्यावरून वाळूचा धूर निघू लागला, शाल ताठ उडाली आणि दादाला देव भेटल्यासारखं झालं. तो फोटो काढत सुटला. फोन त्याने बाजूला ठेवला होता, त्यातून वहिनीचा आवाज येत होता, "अहो, डोळ्यांत जातंय. उतरू का?"

"दोन मिनिटं!" दादा ओरडला. फोनकडे नाही, कॅमेऱ्याकडेच बघून.

मग आमच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हातच ठेवला. मागे वळून पाहिलं तर क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली होती आणि ती आमच्याकडे चालत येत होती. पळापळ झाली. टोप्या उडाल्या. दादाने अंगातलं जाकीट काढून कॅमेऱ्याला गुंडाळलं, तान्ह्या बाळासारखं पोटाशी धरलं आणि पहिल्या जीपमध्ये जाऊन बसला. सावलीने दार ओढून घेतलं. जीप गेली.

मी दुसऱ्या जीपच्या पायरीवर उभी होते. विद्यार्थी आत कोंबून बसले होते. कड्यावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

"वहिनी कुठाय?" मी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहण्याच्या शाळेत एवढं शिकून एकालाही ती दिसली नव्हती.

ड्रायव्हर आणि मी टेकडी चढलो. तोंडावर रुमाल बांधला होता तरी दातांत वाळू कचकचत होती. वहिनी कड्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. घसरताना पाय मुरगळला होता, घोटा सुजून फुगला होता. मला पाहून तिने पहिलं काय विचारावं?

"झाला का गं फोटो?"

"झाला," मी म्हटलं. आणखी जे म्हणायचं होतं ते वाऱ्यात म्हणण्यासारखं नव्हतं.

ड्रायव्हरने तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. विश्रामगृहावर पोचलो तेव्हा दादा टेबलाशी बसून मऊ ब्रशने कॅमेऱ्याची धूळ काढत होता. त्याने मान वर केली.

"आलात? बरं झालं. दार लावा आधी, धूळ येतेय."

नंतर म्हणाला, त्याला वाटलं ती आमच्या गाडीत आहे. वहिनीनेही मान्य केलं. "वाटलं असेल त्यांना," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्याच इस्पितळात, तिच्याच यंत्राखाली तिचा एक्स-रे निघाला. घोट्याचं हाड मोडलं होतं.

फोटो मात्र चांगला निघाला. हेच तर दुखणं आहे. वाईट निघाला असता तर मी सुखाने झोपले असते. काळवंडलेलं आकाश, धूर सोडणारा कडा, पावलांची एकच ओळ आणि तिच्या टोकाला नखाएवढी लाल बाई. पाहताना माझ्याही अंगावर काटा आला, आणि मग स्वतःचाच राग आला.

वहिनीला तो फोटो फार आवडला. तिने त्याची छोटी प्रत कामाच्या ठिकाणी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "ही मी." प्लास्टर असूनही ती चार बोटं उंच झाल्यासारखी चालायची. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या चौकटीत तिला पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

फोटोला मोठं बक्षीस मिळालं. प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला वहिनी किंचित लंगडत आली, सोबत इस्पितळातल्या दोघी मैत्रिणी. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, 'ही मी' मोठ्या आकारात पाहायला. फोटो एका अख्ख्या भिंतीवर होता. खाली नाव होतं, 'शून्याची वाट'.

दादा बोलायला उभा राहिला. आवाज असा, जणू घसा नव्हे, गुहा.

"त्या दिवशी मी एकटा होतो. संपूर्ण एकटा. वाट पाहत होतो. आणि अचानक कड्यावर एक अनोळखी बाई आली. कुठून आली, कुठे निघाली, मला ठाऊक नाही. मी तिला हाक मारली नाही. हाक मारली असती तर चित्र गेलं असतं."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात सावलीने वाजवल्या, जो त्या दिवशी वाळवंटात दादापासून हातभर अंतरावर उभा होता. वहिनीच्या मैत्रिणींनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग दोघी आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं संयोजक म्हणाले. वहिनीने हात वर केला. माइक तिच्याकडे आला.

"आपण म्हणालात, ती बाई अनोळखी होती," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला 'आपण' म्हणत होती. "तिचं पुढे काय झालं?"

दादाने तिला पाहिलं. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल, अहो मंडळी, ही पाहा ती बाई. एवढंच म्हणायचं होतं. उलट टाळ्या दुप्पट पडल्या असत्या. त्याने माइक नीट केला.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "वाळवंट कुणाचा पत्ता ठेवत नाही."

सभागृहाने उसासा सोडला.

"वादळ येत होतं ना? आपण पाहायला गेला नाहीत?"

"कलावंत फक्त साक्षी असतो."

"बरं," वहिनी म्हणाली, माइक परत दिला आणि बसली.

परतताना गाडीत दादा चिडला होता. "अगं, लोकांना गोष्ट लागते. 'ही माझी बायको, मीच हिला वर चढवली' असं सांगितलं तर मागे काय उरतं?"

"मोडलेला घोटा उरतो," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

त्यानंतर तिने भांडण केलं नाही, रडली नाही. तिच्या इस्पितळाची दुसऱ्या शहरात शाखा होती, तिथे बदली मागून घेतली. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मी समजू शकतो. मलाही एकांत लागतो." आणि तळ्याकाठी शाळा घ्यायला निघून गेला. ती परत येणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. बहुधा धुतलेले कपडे संपेपर्यंत.

मग तो माझ्या दुकानात आला आणि फिरत्या स्टुलावर बसला. बाहेर लोक खोळंबले होते. दिव्यांच्या उजेडात त्याचा चेहरा प्रथमच नीट दिसला. दाढीखाली आमच्या घराण्याची तीच बारीक, हट्टी हनुवटी होती.

"तू तिला समजाव," तो म्हणाला. "तिला सांग, पुढच्या प्रदर्शनात मी तिचं नाव घालीन. चित्राखाली, बारीक अक्षरात."

"किती बारीक?"

त्याने खरंच विचार केला. भुवया आक्रसून, अंदाज घेऊन, तो म्हणाला, "वाचता येईल इतकं."

मला हसू आवरेना. त्याला वाटलं, मी तयार झाले.

"ऊठ दादा," मी म्हटलं. "तुझ्यामागे खरी गिऱ्हाइकं उभी आहेत."

तो गेला. त्याचं काही अडलं नाही, अशा माणसांचं काही अडत नसतं. हल्ली टेकड्यांवर सावली शाल पांघरून उभा राहतो. लांबून मिशा दिसत नाहीत. समीक्षकांना त्यातलं स्त्रीचं एकटेपण फार भावतं.

गेल्या महिन्यात मी वहिनीकडे राहून आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. मी गेले तेव्हा ती दरवाज्याला हिरवा रंग देत होती. केसांनाही लागला होता. मी तिला बारीक अक्षरांची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की ब्रश खाली ठेवावा लागला. डोळे पुसून मग तिने हळूच विचारलं, "वेळेवर जेवतात का पण ते?"

माझं टाळकंच सरकलं. "वहिनी, त्या माणसाने तुला वादळात सोडलं, वर चारशे लोकांसमोर ओळख नाकारली, आणि तू त्याच्या जेवणाची चौकशी करतेस? काही लाज?"

"चौकशी केली म्हणजे परत निघाले असं नाही गं," ती म्हणाली. "तू जरा खालची कड रंगवतेस का? माझी दुपारची पाळी आहे, आणि वाकलं की घोटा दुखतो."

मी ब्रश घेतला. ती कपडे बदलून, केसांतला हिरवा डाग तसाच ठेवून, जिना उतरून गेली.