थट्टेची जोडी

शालेश्नीने दारापाशी टांगलेलं तापमापक खिळ्यावरून काढलं आणि आपल्या लॉन्ड्रीच्या पोटात, चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रुळाशेजारी नेऊन अडकवलं. दाराशी पारा चौतिसाच्या वर कधी जात नसे. पाच मिनिटांनी ती परत बघायला आली, तर तो बेचाळिसावर जाऊन बसला होता.

"बिघडलंय ते," अकानिसी रुळातून निघालेली चादर झेलत म्हणाली. "तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात होतं तेव्हापासून खोटं बोलतंय."

"खोटं दाराशी बोलत होतं, बुबू. इथे आल्यावर खरं बोलायला लागलं."

अकानिसी हसली नाही. चादरीचे कोपरे जुळवून तिने घडी घातली, घडीवरून तळहात फिरवला आणि पुढची चादर झेलायला वळली. बेटावरच्या लौतोका शहरातल्या हॉटेलांच्या चादरी ती एकतीस वर्षं अशाच झेलत होती. शालेश्नी दहा वर्षांची असताना याच बाईने तिला साबणाच्या खोक्यावर उभं करून घडी शिकवली होती. चार कोपरे, दोन हात, एक दम. कोपरा कोपऱ्याला भेटला की दम सोडायचा. तेव्हापासून ती हिची बुबू, म्हणजे आजी. शालेश्नीची सख्खी आजी वारली तेव्हाही तिला पोरकं वाटलं नव्हतं, कारण ही होती.

गेल्या मंगळवारी हीच बुबू हातात उशीचा अभ्रा घेऊन फरशीवर बसली आणि स्वतःचं नाव विचारलं तर तेही सांगेना. इस्पितळात दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टरांनी शालेश्नीला बाजूला घेऊन सांगितलं, "उन्हाळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. रात्रीसुद्धा अंग निवत नाही. दुसऱ्यांदा असं झालं तर तिला उठवणं माझ्या हाती नसेल."

शालेश्नीने मग सुचेल ते सगळं केलं. काम पहाटे पाचला सुरू केलं आणि बारा ते तीन रूळ बंद ठेवला. पत्र्याला चुना फासला. मीठ-लिंबाच्या पाण्याचा पिंप आणून ठेवला, तासाला दहा मिनिटं बसायचं असा नियम केला. एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने फोनवर कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "चादर उशिरा आली तर तुमचा पाहुणा तासभर रागावेल. माझी बाई गेली तर ती उशिरासुद्धा यायची नाही." त्यावर ते बरं म्हणाले.

आणि भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर बारा जणींच्या सहा जोड्या. जोडीदारणीचा चेहरा बघायचा. डोळे लाल झाले, बोलणं अडखळलं, घाम थांबला, की हात धरून तिला बसवायचं. जोड्या शालेश्नीने मोठ्या मायेने लावल्या होत्या. एकाच गावच्या दोघी, एक वयाने मोठी, एक लहान. आपल्या माणसाकडे आपलंच माणूस नीट बघेल, असा तिचा विचार.

सोमवारी अकानिसी कामावर परतली. गुरुवारपर्यंत ती एकदाही बसली नव्हती.

शालेश्नीने मेरेओनीला कचेरीत बोलावलं. मेरेओनी अकानिसीच्या पुतण्याची बायको, आणि कागदावरची तिची जोडीदारीण.

"सकाळी बुबूचे डोळे कसे होते?"

"लाल," मेरेओनी जमिनीकडे बघत म्हणाली.

"मग बसवलं का नाहीस?"

"ताई, मी कोण त्यांना बसवणार? आमच्यात मोठ्यांच्या डोक्यावरून हात नेऊन फळीवरची वस्तूसुद्धा काढत नाही आम्ही. आणि मी सांगू, तुमचा चेहरा बरा दिसत नाही म्हणून?" तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. "मी पाणी पुढे करते. त्या म्हणतात, आधी तू पी. मी पिते. दिवसभर मीच पिते."

संध्याकाळी शालेश्नी अकानिसीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मनात जुळवलेलं वाक्य तिने दोनदा गिळलं.

"बुबू, उद्याचा दिवस बघू. उद्याही बसली नाहीस, तर परवापासून घरी राहायचं. पगार मी पाठवत जाईन."

अकानिसीचे हात थांबले नाहीत. "घडी घालून कपाटात ठेवतेस होय मला?"

शालेश्नी कचेरीत परतली.

शुक्रवारी सकाळी दहालाच पारा बेचाळिसावर गेला. माल चढवायला गाडीवरचा साकिउसा आत आला. पन्नाशीचा, पिंपासारखं पोट आणि त्याला शोभेल असा आवाज. त्याचं गाव आणि अकानिसीचं गाव दोन वेगळ्या बेटांवर, पण दोन्ही गावांचे मूळपुरुष भाऊभाऊ. म्हणून हे दोघं एकमेकांचे तौवू. तौवूने तौवूच्या ताटातलं उचलून खावं, अंगावरचं हिसकून घ्यावं, चारचौघांत वाटेल ते बोलावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर पूर्वजांची बेअब्रू. साकिउसा रोज अकानिसीच्या डब्यातला कसाव्याचा उकडलेला कंद पळवायचा आणि ती रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आज त्याने डब्याकडे पाहिलं नाही. तिच्या हातांकडे पाहिलं. चादरीचं टोक थरथरत होतं. शालेश्नीलाही ते कचेरीच्या काचेतून दिसलं आणि ती खुर्चीतून उठली, पण साकिउसा आधी पोचला. त्याने तिच्या हातातली चादर ओढून घेतली.

"ए उकडलेल्या खेकडे, हो बाजूला. तुमच्या गावात चादरी होत्या का कधी? चटईत गुंडाळून निजणारी माणसं तुम्ही."

"दे इकडे, डुकराच्या पोटा."

"देतो. आधी त्या स्टुलावर बूड टेक. तोंड बघ कसं झालंय, शिजून गळलेल्या भाजीसारखं. तुझ्या आजोबाने आमची होडी चोरली होती, त्याचं व्याज म्हणून हे पाणी पी."

"होडी तुमचीच फुटकी होती," अकानिसी म्हणाली आणि बसली. पेला तिने एका दमात रिकामा केला. "म्हणून तर परत आणून दिली."

बायका हसत सुटल्या. मेरेओनी तर रुळाला पाठ करून हसत होती. साकिउसाने पेला पुन्हा भरला आणि ओला फडका खुशाल तिच्या मानेवर टाकला. मानेवर, जिथे मेरेओनीने हात नेला असता तर गावभर झालं असतं. अकानिसी शिव्या घालत राहिली आणि वीस मिनिटं बसून राहिली.

शालेश्नीने भिंतीवरचा कागद फाडला. दुपारी रूळ बंद असताना तिने बारा जणींना गोल बसवून एकच प्रश्न विचारला, तुम्हाला इथे कोण चिडवू शकतं? मग काय विचारता. ही हिची मामेबहीण, हिची जीभ बघा. ती हिची नणंद, लग्नात वाट्याला आलेला डुकराचा लहान तुकडा अजून उगाळते. तासभर नुसता गलका. संध्याकाळी नवा कागद लागला. अकानिसीच्या नावापुढे साकिउसाचं नाव होतं, आणि साकिउसा फेरीवर असेल तेव्हासाठी त्याच्याच गावच्या, धुण्याच्या कामावरच्या तोरिकाचं.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत पारा त्रेचाळीसही दाखवून गेला. कुणी पडलं नाही. लॉन्ड्रीत इतक्या शिव्या पूर्वी कधी ऐकू आल्या नव्हत्या.

एका दुपारी अकानिसी कचेरीत आली. दार वाजवलं नाही. टेबलावरचा शालेश्नीचा चहा उचलून तिने पिऊन टाकला, मग पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि समोरची वही मिटून आपल्या काखेत मारली.

"बुबू, काय करतेस?"

"कागदावर तेरा माणसं आहेत. चौदावं कुठाय?" अकानिसी म्हणाली. "सकाळपासून या पत्र्याखाली बसलीस. कपाळ धरून. तुझा चेहरा कोण बघतं?"

"मी ठीक आहे."

"मीपण ठीकच होते. तुझा आजा आणि माझा बाप एका टोळीत ऊस तोडायचे, एका भांड्यात जेवायचे. मग ते भाऊ नाहीत तर काय? मी ठरवलंय. आजपासून आपण तौवू. ऊठ, बाहेर चल, सावलीत बस."

"असं ठरवता येतं?"

"मेलेल्यांना विचारायला गेलीस तर ते नाही कशाला म्हणतील? त्यांनाही उकडतच होतं." तिने शालेश्नीचा दंड धरून तिला उठवलं. "पण नुसतं माझं ऐकून चालणार नाही. तूही बोलायला पाहिजे. बुबू म्हणायचं नाही. काहीतरी लागेल असं बोल."

दोघी रुळाशेजारून जात होत्या. बायका कान देऊन होत्या. शालेश्नीने आठवून पाहिलं. तीस वर्षांत या बाईला उद्देशून तिच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला नव्हता. खेकडा, डुक्कर, काहीच जिभेवर येईना. घडी घातलेल्या चादरींच्या ढिगापाशी ती थांबली.

"तुझ्या," ती म्हणाली, "तुझ्या घड्या वाकड्या येतात."

कुणी हसलं नाही. अकानिसीने तिच्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. वरची चादर उचलून उजेडाकडे धरली. कोपरा कोपऱ्यापासून दोन बोटं लांब होता. तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ आणली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"हॉटेलवाले काही बोलले नाहीत."

"गाडी निघायच्या आधी मी परत घालते."

"सगळ्या?"

शालेश्नीने होकारार्थी मान डोलावली.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार होते? बुबू होतीस."

अकानिसी बराच वेळ चादरीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने पायाने साबणाचं खोकं ओढलं, मांडीवर चादर घेऊन त्यावर बसली आणि मेरेओनीला हाक मारली.

"इकडे ये. कोपरे तू धर. मी इथे बसून सांगते." मग मान न वळवता शालेश्नीला म्हणाली, "आणि तू सावलीत जा, चोरटे. रोज माझं काम चोरत होतीस."