मरळीचा वाटा

दर रविवारी सकाळी कुहीकडून टेम्पो यायचा आणि नागपूरच्या मिहानजवळच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जयवंता ताडपत्री अंथरायची. वीस घरांनी हंगामाचे पैसे तिला आधीच दिलेले. त्यामुळे तिच्या नवऱ्याच्या, नत्थूच्या जाळ्यात त्या पहाटे जी मासळी येईल तिच्यावर वीसही घरांचा हक्क.

वाटे करायची रीत जयवंताची. वीस ढीग लावायचे. एकाने पाठ फिरवायची. ती ढिगावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. पण त्याआधी ती विचारायची, "कोणाच्या घरी दुखणं हाय का?" असलं, तर त्या घराने आधी निवडायचं.

हा प्रश्न सोसायटीतल्या नंदिनीनेच बंद करवला होता. ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. घरचा वजनकाटा आणून तिने सगळे ढीग सारखे केले. कोणी आधी नाही, कोणी मागे नाही.

"तुमची मशीन हुशार हाय बाई," जयवंता म्हणाली होती, "पर तिले घर कुठं दिसते?"

आज सगळ्या ढिगांत मिळून एकच मरळ होती. ती पाहून नंदिनीचा हात काट्यावरच थांबला. सासूबाईंचा, अंजनाबाईंचा टायफॉइड उतरून दोन आठवडे झाले होते, पण तोंडाला चव नव्हती. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. काल मात्र म्हणाल्या होत्या, "मरळीचा रस्सा असता तं खाल्ला असता."

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशिकने पाठ फिरवली. जयवंताने पहिल्या ढिगावर बोट ठेवलं.

"थांबा," नंदिनी म्हणाली. "माझ्या घरी दुखणं आहे."

"मंग मूग गिळून काहून बसल्या वं बाई?"

"वा मॅडम!" प्रशिक पाठमोराच ओरडला. "नियम तुमचा अन् तोडून बी तुम्हीच राहिल्या!"

सगळे हसले. नंदिनीही हसली. "नियमच चुकला होता माझा."

"मंग उचला ना मरळ. पाहून काय राहिल्या?"

जयवंताने उचलूही दिली नाही. स्वतःच राख लावून बुळबुळीत मरळ घट्ट धरली, साफ केली, तुकडे करून हातात दिले. "लसूण ठेचून टाका. तेल कमी."

दुपारी जयवंताचा फोन आला. मागे टेम्पोचा आवाज होता.

"बुढी जेवली काय वं?"

"वाटीभर रस्सा घेतला. वर भातही मागितला." नंदिनी म्हणाली. "मीठ कमी पडलं म्हणून मला रागावल्या."

"रागावली?" जयवंता खळखळून हसली. "मंग होते बुढी बरी!"