दुसरं पान उघडत नाही

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. मला लागलं ते माझ्याच जुन्या वेबसाइटचं. चाळीस वर्षं गॅसचे गिझर दुरुस्त केले, त्यामुळे सगळे मला गिझरकाका म्हणतात. तेच तेच प्रश्न ऐकून वैतागलो आणि पंधरा वर्षांपूर्वी उत्तरं साइटवर लिहून टाकली. दोन-तीन वर्षं हौस टिकली. मग कामाच्या रगाड्यात तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता रोज सकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटरपुढे. भडक हिरवा रंग काढला, सरकणारी अक्षरं काढली, फोटो नीट लावले. बायको म्हणायची, "सवतीचा नट्टापट्टा झाला असेल तर आंघोळीला उठा."

तिसऱ्या आठवड्यात एकेक दुवा दाबून बघायला घेतला. 'वाऱ्याने ज्योत विझते?' हा लेख मी दोन पानांत टाकला होता, कारण तेव्हा फोटोंचं मोठं पान उघडायला फार वेळ लागायचा. पहिल्या पानाच्या शेवटी होतं: झरोका बंद करा आणि ज्योत पेटवा. त्याखाली 'पुढचं पान'. दाबलं. पान सापडत नाही, असं आलं.

पान होतं. पण त्या फाइलचं नाव मीच कधीतरी बदललं होतं आणि दुवा जुन्याच नावाचा राहिला होता. त्या पानाचं पहिलं वाक्य: ज्योत स्थिर झाली की झरोका लगेच उघडा, नाहीतर विषारी वायू कोंडून जीव जाईल.

गॅसच्या नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावून गळती बघितल्याशिवाय मी कधी कुणाच्या घरातून बाहेर पडलो नव्हतो. आणि हा दुवा मात्र एकदाही दाबून बघितला नव्हता.

साइटवरून लोकांनी पाठवलेले निरोप एका जुन्या मेलमध्ये साठत होते. त्याचा पासवर्ड शोधण्यात दोन दिवस गेले. सहाशे निरोप, बहुतेक फालतू जाहिराती. त्यांत एकाच माणसाचे दोन, नऊ वर्षांपूर्वीचे.

पहिला: "झरोक्याला पुठ्ठा ठोकला. आता ज्योत विझत नाही. आभारी आहे. पुढचं पान उघडत नाही, पण काम झालं."

दुसरा, बारा दिवसांनी: "आंघोळ केली की बायकोचं डोकं जड होतं, मळमळतं. पुढच्या पानात त्याबद्दल काही आहे का? जमल्यास पाठवा."

मी दुसरं पान पाठवलं आणि खाली लिहिलं, दोघं कसे आहात ते कळवा. मी देव मानत नाही, पण ते चार दिवस मानला.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. बायकोला वाचून दाखवायला लागलो आणि पहिल्याच वाक्यानंतर खुर्ची तिच्याकडे सरकवली. पुढचं तिने वाचलं.

"ती त्याच आठवड्यात गेली. दार फोडून बाहेर काढलं. पुढचं पान माझ्याने उघडलं नव्हतं. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, कुठेतरी चुकीचं दाबलं असणार. मुलाला विचारलं असतं तर त्याने उघडून दिलं असतं. नऊ वर्षं स्वतःला हाच बोल लावतोय. तुम्ही इतक्या वर्षांनी आठवणीने पाठवलंत, उपकार झाले."

उपकार! मला ओरडावंसं वाटलं.

बायकोने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "काही सांगू नका. या वयात पोलीस, कोर्टकचेरी... आणि सांगून ती परत येणार आहे का?"

"अगं, तो स्वतःला दोष देतोय."

"देऊ दे. सवय झाली असेल त्याला," ती म्हणाली आणि तिनेच मान खाली घातली.

खोटं कशाला बोलू, तिचं ऐकावं असं मलाही वाटलं. दुवा जोडला होता, साइट चकाचक झाली होती, कुणाला पत्ता लागला नसता. मी सांत्वनाची चार वाक्यं लिहिली. वाचली तेव्हा माझीच मला किळस आली. सगळी पुसून टाकली.

बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी लिहिलं आणि परत न वाचता पाठवून दिलं:

"फाइलचं नाव मी बदललं आणि दुवा बदलायला विसरलो. तुमच्या मुलालाच काय, ते पान कुणालाच उघडता आलं नसतं. तुम्ही बरोबर जागीच दाबलं होतं."