साच्याचं दुसरं टोक

आमच्या हातकागदाच्या कामात एक रीत हाय. साचा हौदातनं वर काढायच्या आधी एकानं विचारायचं, "धरलं?" समोरच्यानं म्हणायचं, "धरलं." मगच उचलायचं. न विचारता उचललं तर एक टोक आधी वर जातं, लगदा एका अंगाला पळतो आणि ताव वाया जातो. आमचं मालक, म्हणजे माझा नवरा दिलदार, ह्या बाबतीत लई कडक. लग्न होऊन मी ह्या शेडात आले तेव्हा लाजून नुसती मान हलवायची. ते म्हणायचे, "माझी नजर पाण्यावर असते, तुझ्या मानेवर न्हाय. तोंड उघड." मग उघडलं ते चाळीस वर्षं मिटलं न्हाय, असं तेच सगळ्यांना सांगायचे.

ते जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं. मी अजून विचारते, "धरलं?" जरा थांबते. मग माझी मीच म्हणते, "धरलं." रस्त्यानं जाणारे म्हणत असतील, हाफिजाचं डोस्कं फिरलंय. म्हणू देत की. ते काय माझा साचा धरायला येणार हायत?

कागद करायचा म्हणजे शाहूपुरीतल्या शिलाईवाल्यांकडनं सुती कात्रणं आणायची, विळीवर बारीक चिरायची, भिजवायची, कुटायची आणि लगदा हौदात सोडायचा. साचा म्हणजे जाळी ताणलेली लाकडी चौकट. आमचा मोठा साचा दरवाजाएवढा, दोन माणसांबिगर उचलत न्हाय. दिलदारच्या टोकाला आता मी दोरी बांधली हाय. आढ्याला कप्पी लावली, दोरी ओढली की ते टोक वर येतं. पाठ मोडते, पण ताव निघतो. जोतिबाच्या डोंगरावर ढग दिसला की पळत जाऊन वाळत टाकलेले ताव आत घ्यायचे, तेही एकटीनंच.

हे मोठे ताव पुण्याचं एक दुकान घ्यायचं. सगळ्या घरानं मिळून हातानं केलेला मालच ते ठेवतात. त्यांच्याकडं नेपाळचा कागदपण येतो, डोंगरातल्या झुडपाच्या सालीचा. मागं त्यांनी मला नमुना पाठवलता, बरोबर एक फोटोचं कार्ड. अंगणात उन्हात चौकटी मांडल्यात आणि पुढं पाच माणसं हसतायत: आई, बाप, दोन पोरं, एक सून. "तुमचाही असा फोटो हवा," असं त्यांनी सांगितलं. ते कार्ड मी हौदावर भिंतीला चिकटवलं. त्या बाईला मी जाऊबाई म्हणायला लागले. सकाळी आल्या आल्या विचारायची, "काय जाऊबाई, झाला का चहा?" तिचा नवरा मला जरा आळशी वाटायचा, हात खिशात घालून उभा होता. पण होता.

मग फोन आला. दुकानाची बाई बघायला येणार, संयोगिता नावाची. तिनं विचारलं, "घरातले किती जण काम करता?" माझ्या तोंडातनं गेलं, "मी, पोरगा आरिफ आणि सून तमन्ना." खोटं बोलले. काय करू? मागणी गेली तर मोठा साचा वाळणार. ते लाकूड रोज पाण्यात हाय तोवर धड, एकदा वाळलं की सांधे सुटतात. दिलदारनं स्वतः रंधा मारलेली चौकट हाय ती. ती सुटली तर माझ्यासमोर त्यांची उभं राहायची जागाच न्हाय उरायची.

आरिफ पुण्यात गाड्यांच्या शोरूममध्ये हाय. त्याला सांगितलं, एक दिवस ये, तमन्नाला आण, नुसतं उभं राहा. "येतो की अम्मी," म्हणाला. मी खिमा करून ठेवला. बाई यायच्या दिवशी सकाळी नऊला त्याचा फोन, "अम्मी, सुट्टी न्हाय मिळाली." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? पोराला पोटातलं दाखवायची सवय मला न्हाय.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्याच धंद्यातली हाय. ओला ताव साच्यावरनं फडक्यावर उलटताना दोघांचा उजवा अंगठा एकेका कोपऱ्यात टेकतो. तिथं कागद पातळ पडतो. वाळल्यावर उजेडात धरलं की दोन ठिपके दिसतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. दोरीला कुठला अंगठा? माझ्या आताच्या तावांवर एकच ठिपका. म्हणून त्या सकाळी मी काय केलं, ताव उलटला की वळसा घालून पलीकडं जायचं आणि त्या कोपऱ्यात अंगठा टेकवायचा. बारा ताव तसे केले. शरम वाटली का? वाटली. तरी केले.

संयोगिता आली. पोरगी चांगली, चप्पल बाहेर काढून आत आली. "बाकीचे कुठे आहेत, मावशी?"

"शाहूपुरीत गेलेत, कात्रणं आणायला."

तिनं माझा ताव खिडकीला धरला. मग पिशवीतनं एक जुना ताव काढला, दिलदार असतानाचा, आणि शेजारी धरला. लई वेळ बघत राहिली. जुन्या तावाच्या एका कोपऱ्यात रुंद ठिपका होता, दुसऱ्यात आखूड. नव्याच्या दोन्ही कोपऱ्यांत आखूडच. माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक विळीनं उडालंय, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. इतकी वर्षं मी तो अंगठा बघतेय, आणि त्या दिवशी तेवढंच ध्यानात आलं न्हाय.

"मावशी, हे दोन्ही अंगठे तुमचेच आहेत."

"व्हय," मी म्हटलं. "पोरगा आला न्हाय. कधीच येत न्हाय. नवरा वारला. मी एकटीच हाय, आणि मला एकटीला लई जड जातंय." जड जातंय हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला बोलले नव्हते.

ती खाली बसली. भिंतीवरच्या कार्डाकडं बघून म्हणाली, "हा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा आहे. मुलं दोघंही कतारला गेली, सून माहेरी असते. नवरा मागच्या वर्षी वारला. बाई आता एकट्याच कागद करतात. फोटो तोच चालू आहे." मग हळूच म्हणाली, "शेजारच्या कुणाला बोलवा. उभं करू, फोटो काढू. मोठ्या तावांची मागणी चालू राहील. मी काही बोलणार नाही."

मी शालूबाईला हाक मारली. शालूबाई शेजारची, तीस वर्षांची ओळख. ठेवणीतली पैठणी नेसून आली, गजरासुद्धा माळला. "हाफिजाभाभी, मी जाऊ शोभते का न्हाय?" म्हणून हसली. दोरी सोडली आणि ते टोक दोन्ही हातांनी धरलं. संयोगितानं मोबाइल वर केला.

सवयीनं माझ्या तोंडातनं गेलं, "धरलं?"

शालूबाई हौसेनं म्हणाली, "धरलं की!"

माझे हात सुटले. साचा हौदात आपटला, शालूबाईची पैठणी भिजली. मी म्हटलं, "शालू, तू ते टोक सोड. राग मानू नको, पण तिथं तू नको. तिथं कुणीच नको." शालूबाई बावचळली, मग तिचे डोळे भरले. माझेही भरले. संयोगितानं मोबाइल खाली केला.

"मग मला खरं लिहावं लागेल," ती म्हणाली.

"लिही. घरातली माणसं, एक. फोटोत दोरी येऊ दे."

मोठ्या तावांची मागणी बंद झाली. तिनं माझ्यासाठी भांडून छोट्या तावांची मिळवून दिली, वहीच्या पानाएवढ्या. त्याला छोटा साचा लागतो, एका माणसाचा. काम हाय, पोट भरतंय, पाठही दुखत न्हाय. मोठा साचा भिंतीला टेकवून ठेवलाय. दोन महिन्यांत त्याचा एक सांधा सुटला, दिलदारच्या बाजूचा.

नेपाळचं कार्ड मी काढलं न्हाय. बाकीच्या चौघांवरनं नजर आपोआप सरकते, जाऊबाईवर थांबते. छोटा साचा मी दोन्ही हातांनी पाण्यात घालते. त्याला दुसरं टोकच न्हाय, विचारायची गरज न्हाय. तरी उचलायच्या आधी विचारते, "जाऊबाई, धरलं?"

आणि आता उत्तर माझं मी देत न्हाय. थोडं थांबते आणि उचलते.