लिनवुड पेटवेचे एकशे त्रेसष्ट

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या सभागृहात शिरले, ती आज हरायचं नाही असं ठरवूनच. चौदा वर्षं हरत आले होते. सोळावं वर्ष मिळणार नव्हतं.

आमच्या जिल्ह्याची अमेरिकन फुटबॉलची गौरवभिंत म्हणजे याच सभागृहाची डावीकडची भिंत. तिच्यावर एक्केचाळीस चौकटी आहेत आणि शेजारी एक काळा फळा, त्यावर सोनेरी अक्षरांत जिल्ह्याचे विक्रम. फळ्यावरची तिसरी ओळ अशी: एका मोसमात सर्वाधिक टॅकल, लिनवुड पेटवे, १६३, सन १९७३. विक्रम भिंतीवर आणि माणूस भिंतीबाहेर, असला कारभार फक्त आमच्याकडेच चालू शकतो. नियम असा की एखाद्याचं नाव पंधरा वर्षं मतदानाला येतं, तोवर निवडून आला नाही तर यादीतून कायमचं जातं. लिनवुडचं हे पंधरावं. समितीत आम्ही नऊ जण, हात हवेत सात.

लिनवुड आमच्या शाळेचा लाइनबॅकर होता. समोरचा चेंडू घेऊन पळत आला की त्याला आडवा करायचा, म्हणजे टॅकल, एवढंच त्याचं काम आणि ते तो असं करायचा की समोरचा उठताना आधी आपले दात मोजायचा. पुढे कॉलेजात चार वर्षं खेळला, दोन मोसम कॅनडात काढले, मग गुडघा गेला. त्यानंतर ईरी शहरात टपालखात्यात पस्तीस वर्षं नोकरी. म्हणजे भिंतीवर जायला त्याच्याजवळ काय होतं, तर तो आकडा. आणि तो आकडा मोजलेला होता मी.

माझे बाबा शाळेच्या मैदानावर माईकवरून मॅच सांगायचे. मी शेजारी दुर्बीण घेऊन बसायचे आणि कोणी कोणाला पाडलं त्याचा जर्सीवरचा नंबर बाबांच्या कानात सांगायचे. बाबा नाव पुकारत, मी कागदावर खूण करत असे. शनिवारच्या पेपरात छापून यायच्या त्या माझ्याच खुणा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

अध्यक्ष गस पॅनेला. तो अंत्यविधीचं दुकान चालवतो, जिल्ह्यातला प्रत्येक जण आज ना उद्या आपल्याकडेच यायचाय हे माहीत असल्यामुळे कोणाशी भांडत नाही. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "डॉली, बोल. पाच मिनिटं. मागच्या वर्षी पंचवीस घेतलीस."

मी उभी राहिले आणि सुटलेच. दहा मॅचमध्ये एकशे त्रेसष्ट, मॅचला सोळाच्या वर. आज पोरं तेरा-तेरा मॅच खेळतात तरी कोणी त्याच्या जवळ पोचलेलं नाही. हल्लीचा कोच डेनिस म्हणाला की त्या काळी सगळे चेंडू घेऊन पळतच होते, फेकत कोण होतं, त्यामुळे टॅकल सहज मिळायचे. मी त्याला विचारलं, सहज मिळायचे तर बाकीच्यांना का नाही मिळाले? हशा झाला. वॉल्ट स्ट्रेकर म्हणाला की पेटवेने शाळेला अजिंक्यपद एकदाही मिळवून दिलं नाही. हा वॉल्ट दरवर्षी सगळ्यांनाच नाही म्हणतो, स्वतःच्या लग्नातही पाद्रीबाबांनी दोनदा विचारल्यावर हो म्हणाला असेल. मी म्हटलं, अजिंक्यपद मिळवायला अकरा जण लागतात, उरलेल्या दहांना विचार. टेबलं बडवली गेली. डेनिसच्या कपातली कॉफी सांडली. मला वाटलं, आज गाडी रुळावर आहे.

मग बर्नी सोप्को उठला.

बर्नीचा भाऊ टेडी त्याच संघात लिनवुडच्या शेजारी खेळायचा. लिनवुडचा नंबर चोपन्न, टेडीचा एक्कावन्न. टेडीला जाऊन बावीस वर्षं झाली. बर्नी स्वतः तेव्हा संघाच्या बाकावर राखीव म्हणून बसायचा, आणि गेली पंधरा वर्षं तो एकच गोष्ट सांगत आलाय: डंकास्टरविरुद्धच्या चिखलातल्या मॅचमध्ये शेवटच्या सत्रातले टॅकल टेडीचे होते, नाव मात्र लिनवुडचं पुकारलं गेलं. पंधरा वर्षं आम्ही सगळ्यांनी ते भावाचं प्रेम म्हणून ऐकून सोडून दिलं. एकदा गसने शाळेतून त्या मॅचची फिल्म आणून लावली होती. पाऊण तास नुसता चिखल हलताना दिसला.

"मला लिनवुडशी वैर नाही," बर्नी म्हणाला. "माणूस चांगला आहे. पण एक मॅच खोटी निघाली तर बाकीच्या नऊ खऱ्या कशावरून? डॉलीच्या कागदावर माझा विश्वास नाही, बस."

गसने पहिल्या फेरीचे हात मागितले. सहा वर आले. बर्नी, त्याचा मेव्हणा पीट आणि वॉल्ट हाताची घडी घालून बसले. दिवसाला तीन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीआधी मी आणखी घसा कोरडा केला, पीटला, तुझी आईही लिनवुडच्या नावाने ओरडायची, याची आठवण करून दिली, डेनिसने माझी बाजू घेऊन कोपऱ्यातल्या साध्या फळ्यावर खडूने आकडेमोड केली. पुन्हा सहाच. गस म्हणाला, दहा मिनिटं थांबू आणि शेवटची फेरी घेऊ.

ती दहा मिनिटं मी सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभी होते. कारण बर्नी खरं बोलत होता, आणि ते माहीत असलेली जिवंत व्यक्ती माझ्या मते मी एकटीच होते.

त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की तिसरं सत्र संपेपर्यंत सगळ्यांच्या जर्सी एकाच रंगाच्या झाल्या. चोपन्न काय आणि एक्कावन्न काय, काही दिसेना. पण बाबांना नाव हवं असे, ताबडतोब. लिनवुड विक्रमाच्या जवळ होता, पेपरवाले येऊन बसले होते. शेवटच्या सत्रात डंकास्टर आमच्या गोलरेषेपाशी आलं आणि चार वेळा चढून आलं. चारही वेळा माणसांच्या ढिगाऱ्याच्या तळाशी आमचा तोच एक जण होता. चारही वेळा मी म्हटलं, "पेटवे." बाबांनी पुकारलं, गॅलरी नाचायला लागली. चौथ्यांदा तो उठला तेव्हा मला त्याच्या डाव्या हाताची पट्टी दिसली. त्या आठवड्यात अंगठा मोडला होता तो टेडीचा. मी बाबांचा हात धरला. पण बाबा माईकवर एकदा बोललेलं परत घेत नसत, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना सांगितलंच नाही. विक्रम माझ्या कागदावर होतोय याची मला नशा चढली होती. खुणा तशाच राहिल्या.

आता गप्प बसले तर लिनवुड सहा हातांवर कायमचा बाहेर. बोलले तर त्या सहांतलेही हात खाली येतील आणि तो बाहेर जाईल तो माझ्या खोटेपणामुळे. दोन्हीकडून नुकसान त्याचंच होतं. पण बर्नी गौरवभिंतीकडे पाठ करून एकटा बसला होता, आणि मला माझी स्वतःचीच चीड आली. पंधरा वर्षं या माणसाला मी चारचौघांत वेड्यात काढलं होतं.

"गस, मला बोलायचंय," मी म्हटलं.

"तुझी मिनिटं केव्हाच संपली."

"बर्नी म्हणतो ते खरं आहे."

गसने कप खाली ठेवला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाऊस, पट्टी, चार टॅकल, बाबा, पेपरवाले, काहीही न लपवता. सांगताना आवाज चिरकला ते मला आवडलं नाही, पण थांबले नाही. डेनिसने डोक्याला हात लावला. वॉल्ट म्हणाला, "झालं कल्याण."

बर्नी उठून माझ्यासमोर आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"पंधरा वर्षं, डॉली."

"हो."

"माझी आई हेच म्हणत गेली. तिलासुद्धा तू हसलीस."

"हसले. चुकलंच माझं, बर्नी."

तो बाहेर निघून गेला, जिथे बंब उभे असतात तिथे. पीट मागोमाग जायला उठला तर गसने त्याला खाली बसवलं.  डेनिसला राहवेना. त्याने फळ्यापाशी जाऊन मांडलं: लिनवुडच्या एकशे त्रेसष्टमधून चार गेले, राहिले एकशे एकोणसाठ. टेडीचे त्या मोसमाच्या नोंदीत एकशे चोपन्न होते, चार धरून एकशे अठ्ठावन्न. म्हणजे विक्रम अजूनही लिनवुडचाच होता, एका टॅकलने. डेनिस उड्याच मारायला लागला. मी त्याला गप्प बस म्हणून खुणावलं, पण बेरीज मीही दोनदा तपासली.

बर्नी परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं. तो फळ्यासमोर थांबला, आकडे दोनदा वाचले आणि माझ्याकडे वळला.

"बाकीचे?" त्याने विचारलं. "हे एकशे एकोणसाठ?"

"त्यातला प्रत्येक मी नंबर बघून लिहिलाय. तुला पाहिजे त्याची शपथ घेते."

"शपथ नको." तो खुर्चीत बसला. "एवढ्या लोकांसमोर चार चुका कबूल केल्यास. उरलेल्यात लबाडी असती तर तीही आजच बाहेर पडली असती. गस, घे फेरी."

गसने हात मागितले. माझे सहा एकेक करून वर आले, मी मोजत होते. मग बर्नीचा हात वर आला, सावकाश, खांद्याचं दुखणं असल्यासारखा. सात. पीटने मेव्हण्याकडे पाहिलं आणि आपलाही वर केला. आठ. वॉल्ट घडी घालूनच होता, पण त्याला आता विचारतो कोण. डेनिसने मला उचललं, त्रेसष्टाव्या वर्षी मला कोणी उचलेल असं मला वाटलं नव्हतं. मी रडत होते आणि ओरडतही होते. शेजारच्या स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, लाटणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी धावत आल्या, त्यांना वाटलं कोणाला झटका आला.

निवडून आलेल्याला अध्यक्षाने तिथूनच फोन करायचा आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवायचा, अशी आमची पद्धत. गस नंबर लावायला लागला तेव्हा बर्नीने हात पुढे केला.

"मी करतो."

चार वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला. आवाज जाड झाला होता, पण लिनवुडचाच.

"लिनवुड, मी बर्नी सोप्को. टेडीचा भाऊ."

"बर्नी." तो म्हणाला, "कसा आहेस?"

"बरा आहे. आज मतदान झालं. तू भिंतीवर आलास."

 पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात बर्नीने बोट वर केलं.

"पण तुझे चार टॅकल गेले. चिखलातल्या मॅचचे. डॉलीने आज सगळ्यांसमोर सांगितलं, ते टेडीच्या नावावर लावलेत."

"चार?"

"चार. तरी विक्रम तुझाच राहतो, एकाने."

"चार नव्हते, बर्नी," लिनवुड म्हणाला. "पाच होते."

डेनिस फळ्यापाशी गेला.

"तिसऱ्या सत्रात," तो सांगत राहिला, "त्यांचा तो लांब पायांचा पळणारा आमच्या बाकासमोरून सुटला होता. मी घसरून पडलो. टेडीने त्याला मागून गाठला. नाव माझं पुकारलं. मला हात देऊन उठवताना टेडी हसला आणि म्हणाला, राहू दे, मला घरी कोणी विचारत नाही. मीही राहू दिलं. मला कधी कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही, हे काही बरं केलं नाही मी. डॉली आहे का तिथे?"

"आहे रे," मी म्हटलं.

"पाच लिही."

डेनिस फळ्यापाशीच उभा होता. त्याने पुसून नवे आकडे लिहिले. लिनवुड एकशे अठ्ठावन्न. टेडी एकशे एकोणसाठ. गसने घसा साफ केला आणि फोनकडे वाकून म्हणाला, "लिनवुड, तुझ्या लक्षात येतंय ना? मग विक्रम टेडीचा होतो."

"येतंय. मला पहिल्यापासून बेरीज येते."

बर्नीने टेबलाची कड घट्ट धरली होती.  फोनमधून लिनवुडने दोनदा हाक मारली, बर्नी, आहेस का म्हणून.

"आहे," बर्नी म्हणाला. "ऑगस्टात सोहळा आहे. हॉटेलात उतरू नकोस, माझ्याकडे ये. टेडीची खोली आईने कोणाला दिली नाही, मीही दिलेली नाही."

"येतो," लिनवुड म्हणाला.