सलामीनंतर

कृष्णात मानेच्या पोटात कुठलीच गोष्ट टिकत नसे, आणि लेकीचं कौतुक तर अजिबातच नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो मशीन ऑपरेटर होता. दिवसभर मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं घरी नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी शेजारच्या अंबूबाईंना ऐकू जायचं. त्याची लेक संयोगिता पेठेतल्या तालमीत हंबीरराव वस्तादांकडं मर्दानी खेळ शिकायला लागली आणि वर्षभरात लाठी अशी फिरवायला लागली की हातात लाठी आहे हे दिसतच नसे, नुसतं भिरभिरणारं चाक दिसायचं. मग काय, कृष्णातनं ते कंपनीत, दूध डेअरीवर, पंक्चरच्या दुकानात, सगळीकडं सांगून टाकलं.

शिवजयंतीला चौकात तालमीचा खेळ होता. कृष्णातनं आपली अख्खी शिफ्ट गोळा करून आणली. निपाणीकडचा रुद्राप्पा तर बायकोपोरांसकट आला होता. संयूचा नंबर आला. तिनं पुढं येऊन जमिनीला हात लावला, लाठी कपाळाला लावून सलामी दिली. हलगी कडाडली. आणि कृष्णातला राहवलं नाही.

"हाण संयू! दाव सगळ्यास्नी!"

चौकातली सगळी डोकी आधी त्याच्याकडं वळली, मग तिच्याकडं. संयूची लाठी अर्धवट वर गेली, घामेजल्या हातातून निसटली आणि फरशीवर खाडकन वाजली. तिनं ती उचललीसुद्धा नाही. हलगीवाल्यांच्या मागं पळाली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली. वस्तादांनी दुसऱ्या पोरीला पुढं केलं, खेळ चालू राहिला. रुद्राप्पा कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लहान हाय हो अजून." कृष्णातला ते काही केल्या गिळेना.

घरी जाताना गाडीवर तो मागं वळून वळून म्हणत होता, "आगं, एवढं काय घाबरायचं त्यात? समोर काय वाघ हुता व्हय? आपलीच माणसं की!" त्याच्या मनानं तो धीरच देत होता.

त्यानंतर तालमीची वेळ झाली की संयूचं पोट दुखायला लागायचं. ओवा झाला, डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मग कृष्णातनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, नवी सायकल घेऊन देतो म्हणाला. सायकल म्हटल्यावर तर ती रडायलाच लागली.

त्याची बायको अनुजा शिलाई मशीनवर ब्लाऊजला टीप मारत बसली होती. तिनं पायाखालचं मशीन थांबवलं.

"अहो, पोरीला सगळं सांगून झालं तुमचं. तिला काय हुतंय ते एकदा तरी इचारलासा काय?"

आपण विचारलंच नव्हतं, हे कृष्णातच्या तेव्हा ध्यानात आलं.

रविवारी सकाळी तो दारात मोटारसायकल धूत होता. संयू पाण्याची बादली आणून देत होती. चाकाच्या तारा पुसता पुसता, तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं, "संयू, त्या दिवशी चौकात तुला काय झालं गं? मी काय बोलत न्हाय. तू सांग."

संयूनं बादली पुन्हा नळाखाली लावली. मग ती म्हणाली, "आधी पोटात गुरगुराय लागतंय. मग हात वले हुत्यात. मग हलगी लांब गेल्यागत वाटती, नीट ऐकूच येत न्हाय. मला वाटलं, हे थांबू दे, मग लाठी उचलू. ते थांबंचना. आणि तेवढ्यात तुमी वराडलासा."

कृष्णातचा हात तारेवरच थांबला. कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं हे सगळं. ऐकलेलं नव्हतं, भोगलेलं होतं.

"संयू, तुला एक सांगू? तुझ्या आईला बी म्हाईत न्हाय." त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणला असावा. "कंपनीत नवीन मशीन आलतं. परदेशातली साहेब मंडळी बघाय आलती. पहिला जॉब, म्हंजी घडवायचा लोखंडी तुकडा, मशीनवर मला लावायला सांगितला. माझं हात असं थरथराय लागलं की नटाला पाना बसंना. पाठीवरनं घामाच्या धारा."

"तुमचं हात?" संयू बादली खाली ठेवून बघतच राहिली. "मग ते थांबल्यावर केलासा?"

"थांबतंय कुठलं! वाट बघत बसलो असतो तर आजून तितंच उभा असतो. थरथरत थरथरतच लावला जॉब. निम्मं काम झाल्यावर बघतोय तर हात आपसूकच ताळ्यावर आलेला."

संयू विचारात पडली. गुरगुर थांबायच्या आधीसुद्धा सुरुवात करता येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे आपले "घाबरू नको" एवढंच सांगत होते, आणि घाबरू नको म्हटल्यानं भीती जाते कुठं?

"तालमीत जातो मी," ती म्हणाली. "पण लोकास्नी बोलवायचं न्हाय. आणि माझं नाव घेऊन वराडायचं न्हाय."

"न्हाय वराडत."

"देवाशप्पथ?"

"अंबाबाईची शप्पथ."

कृष्णात हंबीरराव वस्तादांना जाऊन भेटला. झुपकेदार मिशांचा हा माणूस पोरांना कधी शाबासकी देत नसे, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चौकात आम्हीच घाई केली. आधी दोन माणसांपुढं उभी ऱ्हायला पायजे हुती. बघू आता."

मग सुरुवात अंबूबाईंपासून झाली. अंबूबाई दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि संयू त्यांच्यापुढं लाठी फिरवायची. अंबूबाईंचं निम्मं लक्ष खड्यांत. कुणी रोखून बघत नाही म्हटल्यावर संयूचा हात मोकळा चालायचा. पुढं अंबूबाईंच्या भजनाच्या बायका आल्या. त्यांच्यापुढं पहिल्या दिवशी तिच्या पोटात गुरगुरलं, दुसऱ्या दिवशीही गुरगुरलं. ती दोन्ही दिवस खेळली. वस्ताद तिला खेळाच्या मध्येच लाठी मुद्दाम खाली टाकायला लावायचे. टाकायची, वाकून उचलायची, पवित्रा घ्यायचा आणि पुढं सुरू. पहिल्यांदा तिला ते भलतंच वाटलं, मग त्यात मजा यायला लागली. टाकून टाकून लाठी पडायचं भ्या निघून गेलं. आणि वस्तादांनी आणखी एक शिकवलं. सलामी दिल्यावर लगेच हात उचलायचा नाही. श्वास आत घ्यायचा, तोंडावाटे सावकाश सोडायचा. हलगी वाजत असू दे, लोक थांबलेले असू देत. "खेळ तुझा हाय, सुरू कवा करायचा ते बी तूच ठरीव."

कृष्णातचं काम फक्त गप्प बसायचं. त्याच्यासारख्या माणसाला ते लाठी शिकण्याहून अवघड गेलं.

पावसाळा संपल्यावर पन्हाळ्यावरच्या एका पर्यटन महोत्सवात तालमीला बोलावणं आलं. कृष्णातनं कंपनीत कुणालाही सांगितलं नाही. रुद्राप्पानं "रविवारी कुठं?" म्हणून विचारलं, तर "हितंच, जरा पन्हाळ्याला," एवढं बोलून तो मशीनकडं वळला. सकाळी गडावर धुकं होतं. ऊन वर येईल तशी गर्दी वाढत गेली. पुण्याकडच्या गाड्या, शाळेच्या सहली, खालच्या गावांतली माणसं. चौकात होती त्याच्या दुप्पट तरी माणसं असतील. अनुजानं नवऱ्याचा दंड धरून ठेवला होता.

संयू पुढं आली. पांढरा सदरा, कमरेला भगवा शेला. तिचा चेहरा कागदासारखा पांढराफटक झालेला कृष्णातला लांबूनही दिसला. तिनं जमिनीला हात लावला. सलामी दिली. हलगी सुरू झाली.

आणि संयू हलेना.

लाठी छातीशी धरून ती तशीच उभी. हलगीचा एक फेर झाला, दुसरा झाला. गर्दीत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी मोबाईल खाली घेतला. शाळेची दोन पोरं फिदीफिदी हसली. कृष्णातच्या घशाशी तिचं नाव येऊन थडकलं होतं. त्यानं दात आवळले, मूठ आवळली. अनुजाची बोटं त्याच्या दंडात रुतली. वस्ताद हाताची घडी घालून नुसते उभे होते.

संयू खाली वाकली. तिनं गडावरची लाल माती चिमटीनं उचलली, दोन्ही तळव्यांना चोळली. उभी राहिली. तिचे खांदे वर गेले आणि सावकाश खाली आले. श्वास सोडताना तिचे ओठ थरथरत होते. ती थरथर थांबायची वाट तिनं बघितली नाही.

लाठी फिरली.

आधी थोडी अडखळत, मग सुतात आल्यासारखी. हलगीवाल्याला कळलं, त्यानं ठेका चढवला. लाठी डोक्यावरून, पाठीमागून, पायाखालून निघत राहिली, आणि संयू त्या चाकाच्या मधोमध उडी मारून गिरक्या घेत राहिली. मध्येच एकदा लाठी निसटली. लोकांच्या तोंडून "अरे" निघेपर्यंत तिनं ती उचललीसुद्धा होती, जणू खेळच तसा होता. मघाशी हसलेली पोरं आता पुढं सरकून उभी होती. शेवटी एका गुडघ्यावर बसून तिनं लाठी जमिनीवर आडवी टेकवली, तेव्हा टाळ्या तटबंदीपर्यंत गेल्या.

कृष्णातच्या शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारबा उभे होते. शाहूवाडीकडून आलेले. त्यांनी विचारलं, "पावणं, कुणाची ओ पोरगी?"

"माझी," कृष्णात म्हणाला. एवढा एकच शब्द. म्हातारबांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

खेळ संपल्यावर वस्तादांनी संयूच्या डोक्यावर हात ठेवला. तालमीतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली, कारण असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. संयू धावत आईबापाकडं आली. तिचे हात अजून थरथरत होते आणि ती हसत होती.

"पप्पा, गुरगुर शेवटपर्यंत थांबलीच न्हाय. तरी झालं की हो!"

"बघितलं मी," कृष्णात म्हणाला. "सगळं बघितलं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याला काही राहवलं नाही. डबा उघडायच्या आधीच त्यानं रुद्राप्पाला सगळं सांगायला घेतलं. रुद्राप्पानं विचारलं, "मग लाठी कशी फिरवली ते सांगा की." पण कृष्णात तिथवर पोचायलाच तयार नव्हता. तो परत परत त्या आधीच्या घडीवर येत होता. एवढी माणसं समोर, पोरं हसाय लागलेली, हलगी वाजतीय, आणि माझी पोरगी थरथरत उभी हाय, पण पळत न्हाय.

"अवो, पळाली न्हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजानं अख्खी कँटीन वळून बघायला लागली. "उभी ऱ्हायली, रुद्राप्पा! उभी ऱ्हायली!"