देणाऱ्याच्या रक्ताची काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. उत्तर स्वीडनमधल्या एका रुग्णालयाच्या तळघरात कापडाखाली उभा असतो. वर आता पेशी पडद्यावर बघतात. माझ्या भिंगाशी डोळा लावून कुणी बसत नाही.

पूर्वी गुनवोर बसायची. ती रक्ताची डॉक्टर. अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीतून तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कशा घडतात, ते आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. कोणत्या पेशीने काय व्हायचं ते जनुकं ठरवतात. ती मात्र मला दिसत नाहीत. त्यांच्या चुका तेवढ्या दिसतात.

इल्वा नावाच्या एका तरुणीला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा तिचा भाऊ टोर्केल स्वतःची अस्थिमज्जा द्यायला आला. दोघांच्या पेशी छान जुळत होत्या, प्रत्यारोपणाची तारीखही ठरली. फक्त त्याच्या प्लेटलेट्स जराशा कमी होत्या. गुनवोरने त्याच्या रक्ताची काच माझ्याखाली सरकवली आणि बराच वेळ ती उठलीच नाही. मग तिने त्याला बोलावून घेतलं.

"दंडावर हे काय रे?"

"काळंनिळं? आमच्याकडे सगळ्यांनाच होतं. आई म्हणते, आपण पिकलेले पेअर. बोट लागलं की डाग."

"सगळ्यांना म्हणजे?"

"आई, इल्वा, मी. आजोबांना तर फारच. ते गेले रक्ताच्याच..."

भावा-बहिणीच्या त्वचेचे तुकडे तपासायला गेले. आजारी रक्तातला बदल जन्मापासूनचा की नंतरचा, हे नुसत्या रक्तावरून कळत नाही. दोघांच्याही एकाच जनुकात तोच जन्मजात बदल निघाला: प्लेटलेट्स कमी करणारा, रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा.

"तुझी अस्थिमज्जा नाही चालणार," गुनवोर म्हणाली. "तिला तोच धोका परत दिल्यासारखं होईल."

"आणि मला?"

"आजार होईलच असं नाही. पण दर वर्षी रक्त दाखवायला यायचं."

त्याने वाकून माझ्यातून स्वतःचं रक्त पाहिलं. "मी तर सुट्टी टाकून आलो होतो गं," तो म्हणाला. "आता काय करू त्या सुट्टीचं?"

गुनवोर दुसरा दाता शोधायला फोनकडे गेली. इल्वासाठी सगळे धावत होते, आणि ते बरोबरच होतं. टोर्केल माझ्यासमोर एकटा बसून राहिला. मला फक्त दाखवता येतं, धीर देता येत नाही.

परका दाता मिळाला, इल्वा बरी होऊन घरी गेली. टोर्केल काही वर्षं तपासणीला येत राहिला, दर वेळी एकटाच. पुढे आला की नाही, ठाऊक नाही. मला त्याआधीच खाली आणलं.

मित्रांनो, घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली खूण हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा. आणि ज्याला आज काहीच दुखत नाही, पण उद्याची धास्ती घेऊन जगायचं आहे, त्याला तपासणीला एकटं पाठवू नका. बरोबर जा.